दोन तुकड्यांची काठी

आमच्या भाजीवाल्याचा माझ्यावर राग आहे आणि तो रास्त आहे. भेंडीचं शेपूट कट्‌कन मोडतं की नुसतंच लवतं हे पाहिल्याखेरीज मी एकही भेंडी टोपलीत टाकत नाही, आणि मोडलेल्या शेपटांचा त्याच्या गाडीवर एक लहानसा ढीग होतो. हा गुण सासरचा. सासूबाई नारळ कानाशी नेऊन हलवायच्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर ट्रंककॉल ऐकणाऱ्या माणसाची एकाग्रता असे. कलिंगडाला टिचकी मारून त्या डोळे मिटून घेत. तुळशीबागेत लाटणं घ्यायला गेलो की दुकानासमोरच्या फरशीवर त्या ते घरंगळत सोडायच्या आणि साठीतल्या गुडघ्यांची पर्वा न करता खाली वाकून, लाटणं आणि फरशी यांच्यामधून पलीकडचा उजेड दिसतो का ते पाहायच्या. "फट दिसतेय," म्हणाल्या की संपलं. दुकानदार दुसरं काढायचा, त्यातही फट दिसायची. पाचव्या लाटण्यानंतर त्या बिचाऱ्याने हळूच सुचवलं, "आजी, फरशीच उंचसखल असेल." सासूबाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने मुकाट्याने सहावं लाटणं काढलं. ते शिसवी लाटणं अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे, मध्यभागी जरासं झिजलेलं, चाळीस वर्षांच्या तुपाने काळं झालेलं.

गेल्या दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दुपारची झोप काढून उठले, तर जेवणघरात हे जमिनीवर गुडघे टेकून बसलेले. हनुवटी टेबलाच्या कडेशी, एक डोळा मिटलेला, आणि टेबलावरून एक लांबलचक काठी संथपणे घरंगळत खिडकीकडे निघालेली. मला क्षणभर सासूबाईच दिसल्या. मानेचा तोच बाक, तोच रोखलेला श्वास, आणि काठी थांबल्यावर तोच सुस्कारा.

"फट दिसतेय," हे म्हणाले.

तिला काठी म्हणायचं नसतं हे मला एव्हाना ठाऊक होतं. तिला क्यू म्हणायचं. फ्रेंच भाषेत या शब्दाचा अर्थ शेपूट. पूर्वी बिलियर्ड्स खेळायचा तो दांड्याला पुढे लाकडी ठोकळा बसवून. चेंडू टेबलाच्या कडेला चिकटून बसला की तो ठोकळा आड यायचा, मग खेळणारे दांडा उलटा धरून त्याच्या शेपटीने टोला मारायचे. पुढे लोकांना शेपटीचीच गोडी लागली आणि डोकं गळून पडलं. रांगेला आपण क्यू म्हणतो तेही हेच फ्रेंच शेपूट. म्हणजे रेशनच्या दुकानात मी शेपटाला उभी राहिले आणि क्लबात हे शेपूट धरून उभे राहिले, असा आमचा संसार झाला.

हे एका कारखान्याच्या टूलरूममध्ये छत्तीस वर्षं होते. टूलरूमच्या माणसाला दोन शब्द सहन होत नाहीत, 'अंदाजे' आणि 'साधारण'. मी 'साधारण वाटीभर' म्हटलं की ह्यांच्या कपाळाला आठी पडते. निवृत्त होताना माणसं घड्याळ घेऊन येतात, हे स्वतःचा व्हर्नियर कॅलिपर घेऊन आले आणि तो चमच्यांच्या खणात राहतो. आठवड्यातून तीन संध्याकाळी क्लबात स्नूकर. हा खेळ साहेबाने विलायतेहून आणला असं मी समजत होते. तो 1875 साली जबलपूरच्या पावसाळ्यात, कंटाळलेल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जन्मला, हे मला लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात कळलं आणि त्यानंतर दर पावसाळ्यात कळत आलं आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 साली कोलकात्यात बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेते झाले, ही माहिती साधारणपणे दुसऱ्या पुरणपोळीला येते. ('साधारणपणे' हा शब्द मी मुद्दाम ठेवला आहे.)

इतकी वर्षं ह्यांचं काम क्लबाच्या क्यूंवर भागत होतं. भिंतीजवळच्या स्टँडमध्ये त्या उभ्या असतात, देवळाबाहेरच्या चपलांसारख्या, कुणाच्याच नाहीत आणि सगळ्यांच्या आहेत. कुणाची टोपी उडालेली, कुणाची पाठ वाकलेली. त्यातल्या त्यात बरी कुठली हे तिथल्या मार्करला माहीत असतं आणि तो ती आपल्या मर्जीतल्या माणसासाठी पडद्यामागे ठेवतो. ह्यांनी त्या मर्जीसाठी पंचवीस वर्षं दिवाळीला चिवड्याचा डबा नेला. हरल्यावर क्यूला नाव ठेवायची सोय होती आणि जिंकल्यावर 'असल्या क्यूने जिंकलो' असं म्हणायचीही सोय होती. सुखात होते.

बिघडलं ते अमेरिकेत. मुलगी फिलाडेल्फियाजवळ राहते. तिच्या शेजारी एक आजोबा आहेत, पोस्टातून निवृत्त झालेले, एकटे. त्यांच्या तळघरात पूलचं टेबल आहे आणि भिंतीवर, आपल्याकडे देवघर असावं तशा जागी, सात क्यू आडव्या ठेवलेल्या आहेत. आडव्या, कारण भिंतीला टेकवून उभी केलेली क्यू हळूहळू पोक काढते. पूलचे चेंडू स्नूकरपेक्षा मोठे, खिसे ऐसपैस, आणि क्यूचं टोकही जाड, स्नूकरचं साडेनऊ-दहा मिलिमीटर तर ह्याचं तेराच्या आसपास. खेळ दांडगट वाटतो. ह्यांनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं. दुसऱ्या दिवशी आजोबांनी एक क्यू ह्यांच्या हातात दिली, आणि हे रात्री जेवताना गप्प होते. त्या गप्प बसण्याची मला चांगली ओळख आहे. अशाच एका रात्रीनंतर आमच्याकडे पहिला टेपरेकॉर्डर आला होता.

मग मी रोज बरोबर जायला लागले, आणि आजोबा ह्यांना क्यू पाहायला कसे शिकवतात ते कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बघत राहिले. हातात लोकरीचं विणकाम होतं, पण त्या दिवसांत एकही ओळ धड झाली नाही. क्यूचे दोन तुकडे असतात, मागचा जाड आणि पुढचा निमुळता, मधोमध पेचाने जोडलेले. आजोबा आधी तो सांधा बघायचे. डोळ्यांनी नव्हे, अंगठ्याच्या नखाने. नख एका तुकड्यावरून दुसऱ्यावर हळू ओढायचं, आणि ते कुठे अडलं तर क्यू परत. मग मागच्या भागावरची नक्षी. मेपलच्या फिक्या लाकडात खालून वर चढत गेलेल्या आबनुसाच्या काळ्या सुळक्यांसारख्या टोकदार पाकळ्या असतात, बहुधा चार, आणि प्रत्येकीला रंगीत पातळ पापुद्र्यांची किनार. हा निव्वळ शृंगार नव्हे. दोन लाकडं एकमेकांत खाचेने बसवून चिकटवल्याच्या त्या खुणा आहेत. आजोबा भिंग लावून टोकं बघायचे. खाच पाडून बसवलेल्या पाकळीचं टोक सुईसारखं येतं, यंत्राच्या गोल पात्याने कोरून भरलेल्या पाकळीचं टोक किंचित बोथट राहतं. मग चारही टोकं एका उंचीवर आली आहेत का? लाकूड लेथवर केसभर जरी मध्य सोडून बसलं, तरी एका बाजूची पाकळी उंच जाते आणि समोरची तेवढीच खुजी होते. त्यानंतर मुठीवरचा आयरिश लिननचा दोरा. तो गुंडाळून असा दाबून बसवलेला हवा की हात फिरवला तर लाकूड कुठे संपलं आणि दोरा कुठे सुरू झाला ते कळू नये. दोऱ्याचं शेवटचं टोक शोधून दाखवायची आजोबांनी माझ्याशी पैज लावली. मी पैठणीची उलटी बाजू पाहून बोलणारी बाई, तरी मला ते सापडलं नाही.

आणि एवढा सगळा साजशृंगार मागच्या बाजूला, जिथे खेळताना हात झाकणार. पुढचे एकोणतीस इंच नुसते. ना रंग, ना किनार. फिक्या मेपलची एक सपाट कांडी, तिच्या रेषा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत नीट विंचरलेल्या केसांसारख्या गेलेल्या असल्या म्हणजे झालं. चेंडूशी गाठ पडते ती या अबोल भागाची. मला लाटण्याच्या मुठी आठवल्या. सावंतवाडीच्या लाखेच्या लाटण्यांना मुठीवर लाल-हिरवी वळी असतात, कणकेला लागणारा मधला भाग मात्र कोरा. जगात कुठेही जा, कातारी हा कातारीच.

आजोबांच्या बोलण्यात एक नाव देवासारखं यायचं, जॉर्ज बालाबुश्का. 1912 साली रशियात जन्मलेला, लहानपणीच अमेरिकेत आलेला सुतार. मुलांची खेळणी आणि लाकडी सामान बनवण्यात त्याचं आयुष्य गेलं. 1959 साली ब्रुकलिनमध्ये भागीदारीत बिलियर्ड्सचा हॉल काढला आणि मित्रांना नाताळची भेट म्हणून काही क्यू बनवून दिल्या. त्या मित्रांनी खेळून पाहिल्या आणि त्यांचे मित्र दारात आले. 1975 साली तो गेला तोवर हजार-बाराशे क्यू झाल्या असाव्यात असा अंदाज आहे. गंमत म्हणजे त्याने मागच्या भागासाठी वापरलेलं लाकूड पुष्कळदा ब्रन्सविक कंपनीच्या तयार, स्टँडमध्ये उभ्या राहणाऱ्या क्यूंचंच असे. क्लबातल्या चपलांपैकी एखादी उचलून त्याने तिच्या पादुका केल्या, असं म्हटलं तर हे रागावतील, पण झालं ते हेच. त्याला पुढे लाकडाचे जोडलेले ठोकळे पुरवणारा गस झाम्बोटी हा पेनसिल्व्हेनियातलाच. तो स्वतः मोठा कारागीर झाला, 1988 साली गेला आणि मग मुलाने गादी चालवली. म्हणजे सरळ घराणंच. आजोबा बोलायलाही घराण्याच्या रसिकासारखेच बोलायचे, नाव घेताना हात कानाकडे जाता जाता राहायचा. 1986 सालच्या 'द कलर ऑफ मनी' या चित्रपटात टॉम क्रूझच्या हातात जी 'बालाबुश्का' दिली जाते ती खरी नव्हतीच, तशी दिसणारी दुसऱ्या कंपनीची, जॉसची क्यू होती. खरीची तोडमोड झाली असती तर? आजोबांना यात कसलाही खोटेपणा वाटत नव्हता. "सिनेमात सगळेच दुसऱ्याचं नाव लावतात," ते म्हणाले, "तिने काम चांगलं केलं."

दिसण्याची परीक्षा झाली की खरी परीक्षा सुरू व्हायची, आणि तिथे आजोबांचे शब्द संपायचे. क्यू चेंडूवर आदळते तेव्हा हाताला जे कळतं त्याला ते 'हिट' म्हणायचे. ही हिट मऊ, ती कोरडी, ही बोलते, ती गिळते. क्यू दोन बोटांत सैल धरून बुडावर तळहाताने थापटी मारायचे आणि कान लावायचे, आत कुठे काही गुणगुणत असलं तर कुठला तरी डिंक सुटलाय. माझ्या माहेरी मिरजेचा तानपुरा होता. जवारी लावणारे बुवा घोडीवर तारेखाली दोरा सरकवत सरकवत एकदम थांबायचे, "हां, आता उघडला," म्हणायचे, आणि आम्हां मुलींना आधीच्या आणि नंतरच्या आवाजात काडीचा फरक कळायचा नाही. तरी आम्ही माना डोलवायचो. तळघरात ह्यांनी मान डोलवली तेव्हा मला ती मान ओळखीची वाटली.

परतायच्या आधी आजोबा आम्हांला तासाभरावरच्या एका कारागिराकडे घेऊन गेले. घराला लागून गॅरेज, त्यात दोन लेथ, आणि छताला पुढच्या कांड्या टांगलेल्या, शंभर तरी असतील, कोकणातल्या माजघरात लसणाच्या वेण्या टांगाव्यात तशा. कांडी एका दमात कातत नाहीत. थोडी कातायची, टांगून ठेवायची, काही महिन्यांनी पुन्हा जरा, पुन्हा टांगायची. प्रत्येक वेळी लाकडातला कुठला तरी जुना ताण सुटतो आणि ते वळून बसतं. ज्याला वाकायचं असेल त्याने टांगलेलं असतानाच वाकून घ्यावं, गिऱ्हाइकाच्या हातात गेल्यावर नव्हे, असा त्यातला हिशेब. मी विचारलं, वाकलेल्यांचं काय करता? त्याने खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. परसात टोमॅटोची रोपं एकेका मेपलच्या कांडीला टेकून उभी होती. इतके खानदानी टोमॅटो मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

त्याने ह्यांची मापं घेतली नाहीत. टेबलापाशी उभं राहायला सांगितलं, आठ-दहा टोले मारायला लावले आणि मागच्या हाताकडे पाहत राहिला. विचारलं काय, तर खाण्यापिण्याच्या गप्पा, काम काय करत होतात, हात गार पडतात का. मला आमचे कांदेपोहे आठवले. ह्यांच्या मावशीने मला सुई ओवायला लावली होती, चालून दाखवायला सांगितलं होतं आणि 'कोरलेली काकडी' खाऊन तोंडभर कौतुक केलं होतं. हिट कशी आहे ते त्या दुपारी कुणालाच कळलं नाही. कळायला पुढची दहा-बारा वर्षं गेली. क्यूची किंमत मला रुपयांत सांगण्यात आली नाही आणि डॉलरमध्येही निम्मीच सांगण्यात आली असावी. दीड वर्ष लागेल म्हणाला. दोन लागली.

तर ती क्यू मुलीने दिवाळीला आणली, मोठ्या बॅगेत, नातवाच्या स्वेटरांमध्ये गुंडाळून, कारण विमानात ही वस्तू हातात घेऊन बसू देत नाहीत. अठ्ठावन्न इंच लांबी, दोन तुकड्यांत म्हणून बॅगेत मावली. ह्यांनी आंघोळ करून ती जोडली. पेच बसताना शेवटी जो एक बारीक, दबका आवाज आला, तो ऐकून मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही माझ्या बारशालासुद्धा असे दिसला नव्हतात." आणि मग ते घरंगळणं, आणि ती फट.

दोन दिवस घरात सुतक असल्यासारखं वातावरण. हे क्यू सोडायचे, मागचा तुकडा एकटा घरंगळवायचे, सरळ. पुढची कांडी एकटी, तीही सरळ, आगगाडीसारखी. दोन्ही जोडले की मध्ये काही तरी उचलल्यासारखं व्हायचं, उजेडाची एक बारीक रेघ दिसायची आणि मिटायची. "एकेकटे दोन्ही सरळ आहेत," हे हताशपणे म्हणाले, "एकत्र आले की वाकडे." मी पोळ्या लाटत होते. काही बोलले नाही. मुलगी मात्र पाण्याचा पेला घेऊन घाईघाईने गॅलरीत गेली.

तिसऱ्या दिवशी व्हर्नियर बाहेर आला. आता चार पाकळ्यांची मापं. तिसरी पाकळी अर्धा मिलिमीटर खुजी निघाली. ह्यांनी कारागिराला ईमेल लिहिलं, तक्ता जोडून, टूलरूमच्या थाटात, फट, पाकळी, तापमान, सगळं. उत्तर एका ओळीचं आलं. त्याने विचारलं होतं, पाकळी खेळताना दिसते का, आणि टेबल कुठलं आहे?

पहिल्या प्रश्नावर हे रुसले. दुसऱ्यावर गप्प झाले. आमचं जेवणाचं टेबल मधून ओढून मोठं होणारं आहे, पाहुणे आले की आत एक फळी बसते. त्या दोन अर्ध्यांच्या मध्ये एक सांधा आहे, आणि गेल्या पंधरा वर्षांत कधीतरी तो केसभर उचलला गेला आहे. लहान तुकडा सांध्याच्या अलीकडे नाहीतर पलीकडे घरंगळतो, अख्खी क्यू मात्र सांध्यावरूनच जाते. हे त्या संध्याकाळी तिला क्लबात घेऊन गेले, स्लेटच्या सपाट दगडावर ताणलेल्या हिरव्या कापडावर सोडली, आणि रात्री येऊन चपला काढायच्या आत म्हणाले, "सरळ आहे. सांधा टेबलाचा होता." मला तुळशीबागेतला तो दुकानदार आठवला. चाळीस वर्षं उशिरा का होईना, त्याची बाजू सिद्ध झाली. सासूबाई आज असत्या तरी मी हे त्यांना सांगितलं नसतं.

आता ही क्यू खेळायला कशी आहे ते सांगायचं, तर त्याबाबत ह्यांचं मत आठवड्यागणिक बदलतं. बाजूला मारल्यावर चेंडू थोडा उलट्या बाजूला पळतो, उजवीकडे मारलं तर जरासा डावीकडे, आणि क्यूचं पुढचं टोक जितकं हलकं तितकं हे पळणं कमी, असं ह्यांनी मला ओट्यावर लिंबू ठेवून लाटण्याच्या मुठीने दाखवलं आहे. लिंबू डाळीच्या पातेल्यात गेलं, पण मुद्दा पटला. अलीकडे कार्बन फायबरच्या कांड्या निघाल्या आहेत, त्या म्हणे वाकत नाहीत आणि त्यांना पावसाळाही बाधत नाही. असतील. माझ्या सुनेकडे नॉनस्टिक तवा आहे, त्याच्याबद्दलही तक्रारीला जागा नाही. टोकाला चामड्याची टोपी असते, दोनशे वर्षांपूर्वी मँगो नावाच्या एका फ्रेंच कप्तानाने तुरुंगात बसून तिचा पिच्छा पुरवला, आणि त्या टोपीला घासायचा तो निळा खडू तर खडू नसतोच, 1897 साली पेटंट घेतल्यापासून त्यात सिलिका असते. तो खडू ह्यांच्या सगळ्या खिशांत असतो. या सगळ्यात एकच गोष्ट मला स्पष्ट दिसते की हे पूर्वीपेक्षा जास्त हरतात. आता क्यूला नाव ठेवता येत नाही. परवा हरून आले तेव्हा बराच वेळ तिला मऊ फडक्याने पुसत बसले होते, आणि मध्येच म्हणाले, "तिचं काही चुकलं नाही." इतका सरळ कबुलीजबाब आमच्या घरात याआधी कुणालाही मिळालेला नाही.

मागच्या मंगळवारी हे दाताच्या डॉक्टरांकडे गेले होते. आमच्या गॅलरीत छताला कपडे वाळत घालायच्या चार दांड्या आहेत आणि त्यांची काठी वरच्या मजल्यावर कुणी मागून नेली होती. ह्यांचा पंचा दोन दांड्यांच्या मध्ये अडकलेला, आभाळ भरून आलेलं. पलंगावर, आडवी, जोडलेली, ती होती. मी पाच मिनिटं तिच्याकडे पाहिलं असेल. मग पदराला हात पुसले आणि उचलली.

बांबूची काठी उंच धरली की तोंडाकडे झुकते, मनगटात दुखतं, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. अर्ध्या किलोहून थोडी जास्त वजनाची ही वस्तू झुकलीच नाही. दोऱ्याच्या मुठीवर बोटं आपोआप बसली, जणू त्या जागेवर आधीच कुणी माझं नाव लिहून ठेवलं होतं, आणि पुढचं टोक मी न उचलता वर गेलं. डोळ्यांनी ज्या ठिकाणी पाहिलं त्याच ठिकाणी ते जाऊन थांबलं, पंचाच्या दुमडीखाली, दांडीला न लागता. मी नुसतं मनगट फिरवलं. पंचा सुटला आणि अलगद माझ्या खांद्यावर आला. गॅरेजमध्ये तो माणूस ह्यांच्या मागच्या हाताकडे इतका वेळ का पाहत होता ते मला तेव्हा कळलं. मी एक रुमालही काढला, त्याची गरज नव्हती. मग आणखी एक वर टाकून परत काढला.

क्यू पुसून, होती तशी, होती त्या जागी ठेवली. संध्याकाळी पंचाची घडी घालताना हे थांबले आणि उजेडाकडे धरून म्हणाले, "हा निळा ठिपका कसला?"

"नीळ जास्त पडली असेल," मी म्हटलं.

हा अंक आमच्याकडे येतो, पण हे त्यातलं शब्दकोडं तेवढं सोडवतात. क्लबातलं कुणी हे वाचत असेल आणि ह्यांनी त्या पंचाचा विषय काढलाच, तर तुम्हीही कृपा करून नीळच म्हणा.